पार्किन्सन्स आणि आतड्यातले जिवाणू: प्रोबायोटिक विकत घेण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) निदान चार वर्षांपूर्वी झाले. लेव्होडोपा-कार्बिडोपाची '११०' ची गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे. बद्धकोष्ठता मात्र निदानाच्या दहा-अकरा वर्षे आधीपासूनची. दुपारची गोळी हल्ली 'लागतच नाही'. हा आजार पोटातल्या बॅक्टेरियांमुळे होतो असे कोणीतरी सांगितले आहे. ते खरे का, कोणते प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची कॅप्सूल) द्यावे, आणि निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडण्याचा उपचार करून घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज तरी 'नाही' असे आहे. प्रोबायोटिक देऊन पाहायला हरकत नाही, पण ते पोट साफ होण्यासाठी. हालचाल सुधारेल या आशेने नको. जिवाणूंमुळे आजार होतो हे विधान अर्धवट खरे आहे. दुपारच्या गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण वडिलांच्या रोजच्या जगण्यात आतड्याचा सर्वांत मोठा वाटा तिथेच आहे, आणि त्यात बरेच काही आठवड्याभरात दुरुस्त होण्यासारखे असते.

आधी 'पोटातून सुरू होतो' याबद्दल. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यात बद्धकोष्ठतेचाही उल्लेख आहे. २००३ मध्ये जर्मनीतल्या हाइको ब्राक यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून एक क्रम मांडला. अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या आधी वासाच्या केंद्रात आणि व्हेगस मज्जातंतूच्या मुळाशी दिसतात. हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूचा भाग नंतर बाधित होतो. व्हेगस ही मेंदूच्या तळापासून जठर-आतड्यापर्यंत जाणारी मोठी नस. त्यामुळे गुठळ्या आतड्यात तयार होऊन या नसेने वर चढत असाव्यात, अशी कल्पना पुढे आली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या जठर-आतड्याच्या भिंतीत अशा गुठळ्या टोचल्या. त्या काही महिन्यांत मेंदूत पोचल्या, आणि व्हेगस आधीच कापलेल्या उंदरांमध्ये पोचल्या नाहीत. माणसांबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. अल्सरसाठी पूर्वी व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया होत असे. डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासात अशा लोकांत पुढे पार्किन्सन्स कमी आढळला, पण त्याच देशातल्या नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासणाऱ्यांना हा फरक ठामपणे दिसला नाही.

आज बरेच तज्ज्ञ दोन वाटा मानतात. काहींत आजार शरीराकडून मेंदूकडे जातो, काहींत मेंदूतून सुरू होऊन खाली उतरतो. पहिल्या गटात निदानाच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठता येते, आणि झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, ओरडणे असते. तुमच्या वर्णनावरून वडील या गटात बसू शकतात. मात्र त्यामुळे आजच्या औषधात काही बदलत नाही. घरातल्या इतरांनी घाबरण्याचेही कारण नाही. होनोलुलूमध्ये ६,७९० पुरुषांवर २४ वर्षे नजर ठेवली गेली. रोज एकदाही शौचाला न होणाऱ्यांत पार्किन्सन्सचे प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट निघाले, तरी इतक्या वर्षांत या सगळ्यांत मिळून ९६ जणांनाच आजार झाला. बद्धकोष्ठता घराघरांत आहे, पार्किन्सन्स त्या मानाने फारच थोड्यांना होतो.

यात जिवाणू कुठे येतात? २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत एक प्रयोग झाला. अल्फा-सिन्यूक्लीन जास्त बनवणारे उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर त्यांच्यात हालचालीचे दोष कमी दिसले. त्यांच्या आतड्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे जिवाणू सोडले, तर ते दोष निरोगी माणसांचे जिवाणू सोडलेल्या उंदरांपेक्षा जास्त वाढले. प्रयोग महत्त्वाचा आहे, पण हे उंदीर जन्मतःच आजाराकडे झुकवलेले होते हे बातम्यांत गळून पडते.

रुग्णांच्या विष्ठेच्या तपासण्यांत काही गोष्टी देशोदेशी पुन्हा पुन्हा आढळतात. ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू (रोझबुरिया, फिकॅलिबॅक्टेरियम, ब्लाउशिया) कमी असतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या आतल्या आवरणाचे इंधन. ते कमी पडले की आवरण कमकुवत होते आणि दाह वाढतो. अ‍ॅकरमॅन्सिया हा जिवाणू वाढलेला असतो, आणि लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियमही बहुधा वाढलेलेच असतात. शेवटचे हे दोघे म्हणजे बाजारातल्या बहुतेक प्रोबायोटिक कॅप्सूलमधला मुख्य माल. 'रुग्णात चांगले जिवाणू कमी पडतात, ते आम्ही भरून देतो' ही जाहिरात इथेच लंगडी पडते.

या तपासण्यांत गफलत होण्याच्या जागाही बऱ्याच. मल आतड्यात जितका जास्त वेळ रेंगाळेल तितकी जिवाणूंची घडण बदलते. म्हणजे काही फरक बद्धकोष्ठतेचेच असतात. एन्टाकॅपोनसारखी पार्किन्सन्सची औषधेही घडण बदलतात. आहार तर बदलतोच. हेलसिंकीतल्या २०१५ च्या अभ्यासात रुग्णांमध्ये प्रिव्होटेला कुळातले जिवाणू सरासरी ७७.६ टक्के कमी निघाले. आपल्याकडे धान्य-डाळींवर जगणाऱ्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला मुळातच भरपूर असतो, त्यामुळे फिनलंडचा आकडा कोल्हापूरच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. हजारो रुपये घेऊन रंगीत तक्ते देणाऱ्या विष्ठेच्या 'मायक्रोबायोम' (आतड्यातल्या जिवाणूंच्या) चाचणीचा अहवाल पाहून पार्किन्सन्सची एकही गोळी बदलता येत नाही. ती करू नका.

आता दुपारची गोळी.

लेव्होडोपाचे मेंदूत डोपामिन बनते, म्हणजे या आजारात कमी पडणारे, हालचाली चालवणारे रसायन. पण लेव्होडोपा जठरात शोषला जात नाही. तो लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषला जातो, आणि कार्बिडोपासोबत घेतल्यावरही रक्तात त्याचे अर्धायुष्य साधारण दीड तासच असते. म्हणून गोळी जठरात अडकली की तिचा असर उशिरा येतो किंवा येतच नाही. पार्किन्सन्समध्ये जठर रिकामे व्हायला आधीच वेळ लागतो. वर बद्धकोष्ठता असली की पोट तुंबलेले राहते आणि तो वेळ आणखी वाढतो.

दुसरा अडथळा प्रथिनांचा. लेव्होडोपा स्वतः एक अमिनो आम्ल आहे. आतड्याच्या भिंतीतून आणि पुढे मेंदूत शिरताना तो प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी एकाच दारासाठी रेटारेटी करतो. एक वाजता वरण-भात, मटकीची उसळ, वाटीभर दही आणि दीड वाजता गोळी, असा क्रम असेल तर ती लागत नाही यात नवल नाही. 'औषध जेवणानंतर' ही आपल्याकडची सवय इथे नडते.

तिसरा अडथळा खुद्द जिवाणूंचा, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत पक्का पुरावा याच ठिकाणी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गटांनी वेगवेगळे दाखवले की एन्टेरोकॉकस फिकॅलिससारखे जिवाणू आपल्या विकराने (एन्झाइमने) लेव्होडोपाचे आतड्यातच डोपामिन करून टाकतात. आतड्यात बनलेले डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, म्हणजे तेवढा डोस वाया. एगर्थेला लेन्टा हा दुसरा जिवाणू त्या डोपामिनचे पुढे मेटा-टायरामिन करतो. गोळीतला कार्बिडोपा माणसाच्या शरीरातले हेच काम करणारे विकर रोखतो, जिवाणूंचे मात्र त्याला जुमानत नाही. जिवाणूंचे विकर रोखणारा एक रेणू प्रयोगशाळेत सापडला आहे, उंदरांत त्याने रक्तातली लेव्होडोपाची पातळी वाढलीही. औषधाच्या दुकानात तो मिळत नाही. 'हे जिवाणू मारायला अँटिबायोटिक घेऊ' हा विचारही करू नका. ते परत येतात, आणि जाताना उपयोगाचे इतर जिवाणू घेऊन जातात. गोळी जठरातून लवकर पुढे सरकणे आणि आतड्यात रेंगाळू न देणे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी तीन दिवस वहीत चार रकाने भरा: गोळी किती वाजता, काय व किती वाजता खाल्ले, असर कधी सुरू झाला व कधी उतरला, शौचाला झाले का. अंदाजाने रात्री बसून लिहू नका, त्या त्या वेळी लिहा. मग गोळी जेवणाच्या ३० ते ४५ मिनिटे आधी, किंवा जेवणानंतर किमान तासा-सव्वा तासाने द्या. सोबत पूर्ण पेलाभर साधे पाणी. घोटभर पाण्याने गोळी अन्ननलिकेतच रेंगाळते. गोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे बसू द्या किंवा चालू द्या, आडवे होऊ देऊ नका. रिकाम्या पोटी मळमळले तर दोन साधी बिस्किटे किंवा अर्धे केळे चालेल, दुधाचा पेला नको. चहातल्या चमचाभर दुधाने बिघडत नाही, पण २०० मिली दुधात ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लोह लेव्होडोपाला बांधून ठेवते.

एवढ्याने दुपार सुधारली नाही, तरच प्रथिने रात्रीकडे सरकवा. सकाळ-दुपारी पोळी-भाजी, भात, भाकरी, फळे; डाळी, अंडी, मासे, पनीर संध्याकाळच्या जेवणात. एकूण प्रथिने कमी करू नका. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतातच, आणि या आजारात वजन आधीच उतरत असते. रात्री कुशीवर वळता येत नाही अशी तक्रार असेल तर हा बदल रात्र आणखी बिघडवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून करा.

गोळीवरच्या आकड्याकडेही पाहा. '११०' म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि फक्त १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. चार गोळ्यांत दिवसाचा कार्बिडोपा ४० मिलिग्रॅम होतो. शरीरातले विकर नीट रोखायला सहसा ७० ते १०० मिलिग्रॅम लागतो. '१२५' च्या गोळीत लेव्होडोपा तेवढाच, कार्बिडोपा २५, म्हणजे चार गोळ्यांत १००. मळमळ असेल किंवा डोस कमी पडतोय असे वाटत असेल तर न्यूरोलॉजिस्टना हा बदल करता येईल का, हे नेमके विचारा. स्वतःहून बदलू नका. मेंदूत जास्त लेव्होडोपा पोचून अनावर हालचाली सुरू होऊ शकतात.

बद्धकोष्ठतेचे उपाय कंटाळवाणे आहेत, पण कॅप्सूलपेक्षा जास्त काम करतात. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे मनाई नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा. एकदम वाढवले तर मंद आतड्यात गॅस भरतो आणि माणूस दोन दिवसांत सोडून देतो. इसबगोल एक चमचा २०० ते २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी थोडे पाणी, आणि लेव्होडोपाच्या वेळेपासून लांब, शक्यतो रात्री. गिळताना ठसका लागत असेल किंवा मल आधीच खडा होऊन अडकला असेल तर इसबगोल देऊ नका, तो फुगून वाट आणखी अडवतो. अशा वेळी मॅक्रोगोलची (पाणी धरून मल मऊ करणारी) पूड जास्त भरवशाची: साधारण १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात रोज, आणि दोन-तीन दिवसांच्या अनुभवाने कमी-जास्त. तिचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्याच सकाळी काही झाले नाही म्हणून दुप्पट घेतल्याने तिसऱ्या दिवशी धावपळ उडते. लॅक्टुलोज हे मल मऊ करणारे औषधही चालते, गॅस मात्र जास्त होतो.

शौचाला बसण्याची वेळ नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी, गोळीचा असर चालू असताना ठेवा. आतडे त्या वेळी आपोआप हलते, आणि ओटीपोटाचे स्नायू सैल सोडायलाही डोपामिन लागते. कमोड असेल तर पायाखाली सहा-आठ इंचांचा पाट ठेवा. दहा मिनिटांपेक्षा जास्त कुंथू देऊ नका. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर तेही आतडे मंद करते, आणि या वयात विसरभोळेपणाही वाढवते. ते अजून लागते का, हे विचारा.

चार-पाच दिवस खडा, मग अचानक थोडे थोडे पातळ, कपड्याला लागणारे, असे झाले तर त्याला जुलाब समजून बंद करणारी गोळी देऊ नका. बहुतेक वेळा खाली मलाचा गोळा अडकलेला असतो आणि पातळ भाग त्याच्या कडेने झिरपतो. डॉक्टरांनी बोटाने तपासले की दोन मिनिटांत कळते.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. 'गॅस-अ‍ॅसिडिटी'साठी सकाळी घ्यायच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असते. ते डोपामिनची कामे अडवते. त्याने पार्किन्सन्स वाढतो, आणि आजार नसलेल्या माणसातही कंप आणि ताठरपणा आणू शकतो. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या उलटीच्या औषधांचे, आणि चक्करेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनचेही तेच. पाकीट उलटे करून बारीक अक्षरातली नावे वाचा. मळमळीसाठी डोम्पेरिडोन चालते, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून कमीत कमी डोस, थोडे दिवस, आणि आधी ईसीजी पाहून.

प्रोबायोटिकबद्दल आता मोजके. मलेशियात ७२ रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. अनेक जातींचे मिश्रण घेणाऱ्यांना आठवड्यातून सरासरी एकदा जास्त शौचाला झाले. नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांत ही वाढ ०.३ होती. इटलीत १२० रुग्णांना तंतू व जिवाणू घातलेले आंबवलेले दूध देऊन जवळपास असाच फायदा दिसला. आठवड्यातून एकदा जास्त, एवढी ही मिळकत. कंप किंवा चालण्यात सुधारणेचा भक्कम पुरावा नाही. द्यायचेच तर पाणी-मॅक्रोगोल-वेळ हे सगळे बसल्यावर एकच उत्पादन, चार आठवडे, वहीत नोंद ठेवून. फरक नसेल तर बंद. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरचे दही-ताक रोज खाऊ द्या, फक्त गोळीच्या वेळी नको. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या २०२४ च्या विश्लेषणानंतर बी-२ आणि बायोटिनच्या गोळ्या घेण्याची लाट आली. रुग्णांच्या आतड्यात ही जीवनसत्त्वे बनवणारी जिवाणूंची जनुके कमी दिसली, एवढेच त्या अभ्यासात आहे. गोळ्या देऊन कोणी बरे झाल्याचे त्यात नाही.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूची तपासणी अल्सर किंवा पोटदुखीची लक्षणे असतील तर जरूर करा. पार्किन्सन्सच सुधारावा म्हणून त्याचा नायनाट करण्याचा मलेशियात काटेकोर प्रयोग झाला, त्यात हालचालीत फायदा दिसला नाही. लहान आतड्यात जिवाणूंची दाटी होणे हे दुसरे प्रकरण. जेवल्यावर लगेच पोट फुगणे, ढेकर आणि गोळ्यांचा बेभरवशी असर एकत्र असतील तर श्वासाची चाचणी करण्यासारखी असते. २०१३ च्या इटलीतल्या अभ्यासात उपचारानंतर 'ऑन-ऑफ'चे (गोळीचा असर असण्या-नसण्याचे) चढउतार कमी झाले, पण सहा महिन्यांत ४३ टक्के जणांत दाटी पुन्हा झाली.

विष्ठा-प्रत्यारोपणाच्या दोन चांगल्या चाचण्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बेल्जियममधल्या गेंटमध्ये ४६ रुग्ण होते; त्यांतल्या ज्यांना निरोगी दात्याची विष्ठा नाकातून नळी घालून दिली, त्यांचा हालचालींचा गुणांक बारा महिन्यांनी सरासरी ५.८ ने सुधारला. स्वतःचीच विष्ठा परत मिळालेल्यांचाही २.७ ने सुधारला. फिनलंडमध्ये ४५ रुग्णांत सहा महिन्यांनी फायदाच दिसला नाही, आणि पोटाचे त्रास उपचार घेतलेल्यांत ५३ टक्के, इतरांत ७ टक्के झाले. दाता, तयारी, मार्ग, मात्रा यांतले काहीच अजून ठरलेले नाही. हा उपचार पार्किन्सन्ससाठी पैसे घेऊन करू असे कोणी म्हणत असेल तर नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक मागा.

खाजकुइलीची पूड, म्हणजे कवचबीज, घरात कोणी चालू केली आहे का तेही पाहा. तिच्या बियांत खराखुरा लेव्होडोपा असतो, पण कार्बिडोपा नसतो आणि मात्रा दर पुडीत बदलते. गोळ्यांसोबत ती घेतली की चढउतार आणि अनावर हालचाली कशामुळे हे कोणालाच कळत नाही. घेत असतील तर न्यूरोलॉजिस्टपासून लपवू नका.

पोट फुगून टणक झाले, वारा सरत नाही, उलट्या होतात, किंवा शौचातून रक्त पडते, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या आजारात मोठे आतडे पिळून अडकण्याचा धोका खरा आहे. दाखल करावे लागले तर लेव्होडोपा अचानक बंद होऊ देऊ नका; तोंडाने जमत नसेल तर नाकातल्या नळीतून वेळच्या वेळी देता येतो. आणि फाइलच्या पहिल्या पानावर, गोळ्यांच्या वेळांखाली, ठळक लाल अक्षरांत लिहून ठेवा: मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये.